हिरडीच्या रंगाचा माऊथपीस

आमच्या भाऊजींना सगळे ‘दातवाले’ म्हणतात. ते दातांचे डॉक्टर नाहीत, हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावते. डॉक्टर दात काढतो, आम्ही बसवतो. डॉक्टरांकडून तोंडाचं माप येतं, भाऊजी त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात, मेणात दात लावतात, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून शिजवतात, घासतात, घोटतात, आणि तयार झालेली कवळी डबीत घालून मी काउंटरवरून देते. देताना एक वाक्य म्हणते, “पुढच्या दातांनी चावायचं नाही, कवळी मागून उचलते. सफरचंद कापून खा.” हे वाक्य भाऊजींनीच कामाच्या पहिल्या दिवशी माझ्याकडून पाठ करून घेतलं. ताई म्हणते, मी ते झोपेतही बडबडते.

मी ताईची धाकटी बहीण. माझी कचेरी बंद पडली तेव्हापासून त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहते आणि खाली दुकानात बसते. मेहुणीला चेष्टा करायचा हक्क असतो, आणि पगार बेताचा असला की तो हक्क पुरेपूर वसूल करावा लागतो.

भाऊजी कामाला वाघ आहेत, पण कामातली चूक दाखवली की त्यांना मिरची झोंबते. कुणी गिऱ्हाईक परत आलं आणि चाचरत म्हणालं, “जरा हलते हो,” की भाऊजी आतून, घोटायच्या मशीनवरून मान न उचलता ओरडतात, “कवळी हलत नाही, तोंड हलतं! महिनाभर सवय करा!” गिऱ्हाईक बिचारं खालच्या मानेनं तोंड घेऊन परत जातं. महिन्यानं ते सहसा येत नाही. भाऊजी म्हणतात, बघ, झाली सवय.

आता त्यांच्या दुसऱ्या जिवाभावाच्या गोष्टीबद्दल. भाऊजी बागेतल्या बँडमध्ये बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवतात. सॅक्सोफोन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे चकचकीत, गळ्यात अडकवायचं वाद्य येतं, त्याचा हा थोरला, आडदांड भाऊ. उभा केला तर भाऊजींच्या कमरेच्या वर येतो, आणि आवाज एवढा खालचा की कानांना कळायच्या आधी खुर्चीला कळतो. बँडमध्ये याचं काम म्हणजे इतरांच्या पायाखाली जमीन धरून ठेवायची. असला की कुणाचं लक्ष जात नाही, नसला की सगळे म्हणतात, आज काहीतरी पोकळ वाटतंय. ताईनं लग्नानंतर हौसेनं दोनचारदा ऐकलं आणि मग स्पष्ट सांगितलं, “अहो, सगळे वाजवताना दिसतात, तुमचे फक्त गाल फुगलेले दिसतात.” त्यानंतर ती गेली नाही. ते भाऊजींना लागलं होतं, हे मला ठाऊक आहे.

मागच्या हिवाळ्यात भाऊजींच्या वरच्या हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, आणि डॉक्टरांनी वरचे सगळे काढून टाकले. माणूस आयुष्यभर लोकांच्या तोंडात दात बसवतो आणि स्वतःचे असे जातात! हिरड्या भरून येईपर्यंत भाऊजी मफलर नाकापर्यंत गुंडाळून वावरत होते. लोकांना सांगायचे, सर्दी आहे. बँडला सुट्टी. ताईसमोरही मफलर सोडला नाही, जेवायचं ताट दुकानात मागवून आतून कडी लावायचे. ताई दाराशी उभी राहून म्हणायची, “अहो, मी बायको आहे तुमची, गिऱ्हाईक नाही.” आतून फक्त चमच्याचा आवाज यायचा.

मग त्यांनी स्वतःसाठी कवळी केली. एकेक दात निवडून, किंचित पिवळसर छटेचा, एक दात मुद्दाम अर्धा केस तिरका, म्हणजे कुणाला संशय येऊ नये. ती घालून ते मफलरातून बाहेर आले आणि आरशासमोर हसले, तेव्हा खरं सांगते, मलाही गहिवरून आलं. इतकं सुंदर काम मी त्या दुकानात पाहिलेलं नाही. घरात आम्ही दोघी आणि बाहेर तो डॉक्टर, एवढ्यांनाच ठाऊक. बाकी सगळे समजले, सर्दी गेली. गिऱ्हाइकं तर काउंटरवर त्यांच्याकडे बोट करून म्हणायला लागली, “मला असे करून द्या, यांच्यासारखे.” भाऊजींची छाती फुगायची.

आणि नेमकं तेव्हाच सॅक्सोफोनचं बिनसलं.

बँडचे मास्तर म्हणजे टपालखात्यात पत्रं निवडून निवृत्त झालेले गृहस्थ. स्वरलिपीचे कागद ते वादकांच्या मांडीवर लांबून अचूक भिरकावतात. तर या मास्तरांनी वर्षाच्या मोठ्या वादनासाठी एक नवी चाल बसवायला घेतली होती. तिच्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात आणि बॅरिटोन एकटा वाजतो. एकटा! भाऊजींच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा असं काही आलं होतं. सुट्टी संपताना ते आपला कागद आणायला गेले, आणि तो मांडीवर पडला त्या दिवशी ते घरी चालत आले नाहीत, तरंगत आले. ताईला म्हणाले, “या वेळी ऐकू येईल. यायचं.” ताई म्हणाली, “येईन.”

सर्दीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तालमीत सगळी वाद्यं थांबली, भाऊजींनी फुंकर मारली, आणि त्या अवाढव्य वाद्यातून आवाज आला, ‘चीं’. उंदीर दारात सापडावा तसा. पुन्हा फुंकलं, पुन्हा चीं. मास्तरांनी माऊथपीस काढून उजेडात धरला. माऊथपीस म्हणजे वाद्याची तोंडात धरायची चोच, तिला खालून वेताची पट्टी बांधलेली असते. भाऊजींचा काळा, रबरी, बँडच्या मालकीचा आणि बँडइतकाच जुना. वरच्या बाजूला, जिथे दात टेकतात, तिथे वर्षानुवर्षं चावून खोल खळगा पडला होता.

“हा संपला,” मास्तर म्हणाले. “नवा आणा. बँडकडे पैसे नाहीत. वादनाच्या आधी चीं बंद झालं पाहिजे, नाहीतर ती जागा मी ट्रॉम्बोनला देईन, आणि तुम्ही झांजा घ्या.”

झांजा! ज्याला ताल सोडून काहीच जमत नाही त्याला बँडात झांजा देतात.

भाऊजींनी घरी विषय काढला तेव्हा ताई हातानं चादरी पिळत होती. कपडे धुवायचं मशीन महिन्याभरापूर्वी ढेपाळलं होतं आणि नव्यासाठी पैसे बाजूला काढले होते. नवा बॅरिटोनचा माऊथपीस केवढ्याला पडतो हे भाऊजींनी अर्ध्या आवाजात सांगितलं. ताईनं चादर बादलीत टाकली.

“एवढ्यात मशीन येतं. आणि ते निदान कपडे धुतं.”

“परवडणारा बघतो ना एखादा.”

“परवडणारा म्हणजे कसा, सांगू? ज्याचा मला पत्ता लागणार नाही असा.”

तेव्हापासून परवडणाऱ्या माऊथपीसचा शोध सुरू झाला, आणि दुकानातलं काम माझ्या गळ्यात पडलं. जुन्या वस्तूंच्या बाजारात भाऊजींना एक झकास माऊथपीस मिळाला, पितळेचा, अगदी मातीमोल. विकणारा म्हणाला, सॅक्सोफोनचाच आहे. होताही, पण धाकट्या भावाचा, टेनरचा. बॅरिटोनच्या मानेवर तो चढेना. भाऊजींनी मानेवरच्या बुचाची कड घासून घासून चढवला तेव्हा तो असा बसला की उतरेना. आम्ही दोघांनी दोन्ही टोकांनी ओढलं, मी प्लास्टरच्या पोत्यावर पडले, आणि वाजवून पाहिलं तर सगळे सूर अर्धा जिना वर चढलेले. मग एका वादकाच्या विधवेकडे कपाटात एक आहे असं कळलं. ती बाई माऊथपीस फुकट द्यायला तयार होती, पण त्याच्या बदल्यात नवऱ्याचं अख्खं वाद्य, दोन सूट आणि एक बोलका पोपट न्यावा लागणार होता. पोपटाबद्दल भाऊजी घरी विचारून आले. पुढे तो विषय निघाला नाही.

मग एके दिवशी दुपारी भाऊजी घोटायचं मशीन बंद करून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोळ्यांत अशी चमक की मी हातातली डबी खाली ठेवली.

“मेहुणीबाई, आपण आयुष्यभर काय करतो? माप घेतो आणि वस्तू बनवतो. मग माऊथपीस विकत कशाला घ्यायचा?”

“माप कशाचं घेणार?”

“वाद्यांच्या मोठ्या दुकानातल्या भारीतल्या भारी माऊथपीसचं.”

त्या दुकानात मला सोबत नेलं, कारण भाऊजींच्या मते एकटा माणूस चोर वाटतो आणि जोडीनं आलेला गिऱ्हाईक. दुकानदार उंच, चष्म्याला दोरी बांधलेला, बोलताना प्रत्येक वाद्याला हळूच हात लावणारा. त्यानं मखमली खणातून सगळ्यात महागडा बॅरिटोनचा माऊथपीस काढून दिला आणि वाजवून बघायची छोटी खोली दाखवली, भिंतींना जाड स्पंज लावलेली. भाऊजी वाद्याची पेटी घेऊन आत गेले. पेटीत वाद्याशिवाय रबरी वाडगा, चपटा चमचा, थर्मासमध्ये पाणी आणि डॉक्टर लोक तोंडाचं माप घ्यायला वापरतात ती गुलाबी पावडर होती. पाण्यात कालवली की पेस्ट होते, आणि बघता बघता घट्ट रबरासारखी बसते.

मी बाहेर दुकानदाराला बोलण्यात गुंतवून ठेवलं. बासऱ्यांबद्दल विचारलं, ढोलांबद्दल विचारलं, त्याच्या चष्म्याच्या दोरीचंही कौतुक केलं.

“आवाज येत नाही आतून,” तो म्हणाला.

“ते आधी श्वास घेतात,” मी म्हणाले.

“इतका?”

“मोठं वाद्य आहे ना.”

आतून चमचा वाडग्यावर आपटल्यासारखं वाजलं. मी जोरात खोकले. नंतर बराच वेळ काहीच नाही, आणि मग भाऊजींचं कुंथणं ऐकू यायला लागलं. बाहेरचं माप छान निघालं होतं, हे मला नंतर कळलं. आतल्या भोकात भरलेली पेस्ट मात्र तिथेच रुतून बसली होती. दुकानदारानं दार उघडलं त्याच क्षणी भाऊजींनी सगळा जीव एकवटून माऊथपीसमध्ये फुंकर मारली. गुलाबी रंगाचा एक लांबोळका गोळा सूं करून दुकानदाराच्या कानाजवळून गेला आणि तुताऱ्यांच्या काचेच्या कपाटावर चिकटला. दुकानभर पावडरीतल्या पेपरमिंटचा वास पसरला.

“हे काय आहे?” दुकानदारानं विचारलं.

भाऊजी क्षणभर त्या गोळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कफ.”

आम्ही बाहेर पडलो तेव्हा तो माणूस माऊथपीस चिमट्यात धरून वाफाळत्या पाण्याकडे निघाला होता. रस्ताभर मी भाऊजींशी बोलले नाही, पण राग आला होता म्हणून नाही, तोंड उघडलं तर हसेन म्हणून.

बाहेरचं माप नव्या माऊथपीसचं, आतली पोकळी जुन्याच्या मापाची, अशी मोट बांधून भाऊजींनी आठवडाभर खपून माऊथपीस घडवला. प्लास्टिक घरचंच, कवळीचं. त्यामुळे रंग हिरडीचा. आणि आमच्या दुकानात जे प्लास्टिक येतं त्यात हिरड्या खऱ्या दिसाव्यात म्हणून बारीक लाल तंतू घातलेले असतात, शिरांसारखे. तर शिरा असलेला, ओलसर चकाकणारा, गुलाबी माऊथपीस. घडण अशी सुबक की नाव ठेवायला जागा नाही, फक्त बघवत नव्हतं. ताईनं तो जेवणाच्या टेबलावर पाहिला आणि दोन पावलं मागे सरकली.

“अहो, हे कुणाच्या तोंडातलं राहिलंय?”

“माऊथपीस आहे. एक पैसा खर्च नाही.”

“झाकून ठेवा आधी.”

शेवटच्या तालमीला मीही गेले, दुकान लवकर बंद करून. शाळेच्या व्यायामशाळेत, दोरखंडांच्या आणि गाद्यांच्या मधे बँड बसलेला. भाऊजींनी माऊथपीस वाद्यावर चढवला तेव्हा आसपासच्या वादकांनी खुर्च्या जरा लांब घेतल्या. ती जागा आली. सगळी वाद्यं थांबली. भाऊजींनी डोळे मिटले, फुंकर मारली.

चीं.

कुणी हसलं नाही, तेच वाईट वाटलं. मास्तर काही बोलणार तोच क्लॅरिनेट वाजवणारी बाई उठली. तिचं औषधांचं दुकान आहे आणि पर्समध्ये नेहमी स्पिरिट असतं. तिनं माऊथपीस स्पिरिटनं पुसला, वाद्य स्वतःच्या गळ्यात अडकवलं आणि फुंकलं. आणि त्या व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीतून आवाज वर आला, भरदार, ऊबदार, खालचा. गाद्यांना टेकलेली माणसं सरळ बसली. मग तिनं तो जुना, खळग्याचा माऊथपीस मागून घेतला. त्यावरही तसंच. बाईनं दोन्ही परत दिले आणि जरा ओशाळून म्हणाली, “दोन्ही चांगले आहेत की.”

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. अंगण सरळ निघालं की नाचणाऱ्याचं काय होतं, ते मी त्या दिवशी भाऊजींच्या तोंडावर पाहिलं.

मास्तर मनानं चांगले आहेत. म्हणाले, “वादनाच्या सकाळी बागेत सगळ्यांसमोर एकदा वाजवा. आलं तर जागा तुमची.” नाही आलं तर काय, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण झांजांची पिशवी भाऊजींच्या खुर्चीजवळ आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी वाद्य पुसून पेटीत बंद केलं आणि मला म्हणाले, “बँडचं वाद्य बँडला परत देऊन टाकतो. माझं वाजवणं संपलं. फुंकर गेली माझी.”

मी काही म्हणणार तेवढ्यात एक आजी दुकानात आल्या. त्यांची कवळी आमच्याकडचीच. म्हणाल्या, “पाव चावला की पाठीमागून वर येते गं.” माझं तोंड आपोआप उघडलं.

“पुढच्या दातांनी चावायचं नाही, कवळी मागून उचलते. सफरचंद—”

आणि मी थांबले. आत घोटायचं मशीनही थांबलं.

आता तुम्ही म्हणाल, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. कळलं असतं. पण रोज तेच म्हणणाऱ्याला कळत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाजार झाला, विधवा झाली, पोपट झाला, तुताऱ्यांच्या कपाटावर कफ झाला, आणि सॅक्सोफोन वाजवणारा माणूस माऊथपीस कशात धरतो? पुढच्या दातांत! खालचा सूर काढायला जबडा सैल सोडला की कवळी मागून उचलणार, वारा निसटणार, चीं होणार. दात गेले तेव्हाच सूर गेला, एवढा साधा हिशोब. मी आजींना सोमवारी यायला सांगितलं आणि आत गेले.

भाऊजी पाठमोरे उभे होते.

“ऐकलंत ना?” मी म्हणाले.

“माझी कवळी तशी नाही.”

“भाऊजी, कवळी ती कवळी.”

“ती मी केलीय!”

“म्हणून काय ती उचलायची थांबेल? तुमची फुंकर गेली हे तुम्हाला पटतं, आणि कवळी उचलते हे नाही पटत?”

त्यांनी मशीनवरची धूळ पुसली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? मग मला म्हणाले, “चहा घेऊन ये कोपऱ्यावरून.” चहा आमच्याकडे आतच होतो. मी गुमान बाहेर गेले. मागे दुकानाचं शटर खाली आलं.

मी फुटपाथवर उभी होते. आधी काहीच नाही. मग शटरच्या पत्र्यानं थरथरायला सुरुवात केली. तो सूर आला, व्यायामशाळेत आला होता त्याहून खालचा, मऊ, लोकरीच्या पांघरुणासारखा. चाल पुढे सरकली, ती एकट्याची जागा अख्खी झाली, एकही चीं नाही. रस्त्यावरून जाणारा एक माणूस पायांकडे बघत थांबला. मला रडू आलं, आणि मी ते चहावाल्याच्या धुरावर ढकललं.

शटर वर झालं तेव्हा भाऊजींनी मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला होता. मफलरातूनच बोलले, “दातांशिवाय. दोन्ही ओठ आत वळवून. जुना माऊथपीस. त्या खळग्यात वरचा ओठ बरोबर बसतो.” तो खळगा त्यांच्याच दातांनी पाडला होता, जे आता नव्हते. मी म्हणाले, “मग झालं की!” त्यांनी मान हलवली. “झालं कसलं? बागेत अर्धी गर्दी आपल्या गिऱ्हाइकांची असते. दातवाल्याच्याच तोंडात दात नाहीत म्हटल्यावर उद्या दुकानात कोण येईल? आणि तुझी ताई समोर बसणार.” हे शेवटचं ते अगदी हळू म्हणाले. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. मला चेष्टा सुचली नाही.

वादनाच्या सकाळी बाग भरली होती. ताई पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर. मी तिच्या शेजारी. मागे वळून पाहिलं तर जिकडेतिकडे आमच्याच कवळ्या बसलेल्या. भाऊजी वाद्य गळ्यात अडकवून मंचावर उभे होते, तोंड मिटून. मास्तरांनी त्यांना खूण केली, दाखवा वाजवून. भाऊजी हलले नाहीत. मास्तरांनी पुन्हा खूण केली. भाऊजींची नजर झांजांच्या पिशवीकडे गेली, मग ताईकडे.

आणि ते मंचावरून उतरले. मला वाटलं, निघाले घरी. पण ते सरळ ताईसमोर आले, पाठ लोकांकडे केली, रुमाल तोंडाशी नेला, आणि रुमालाची पुरचुंडी तिच्या हातात दिली. “धर जरा.”

ताईला वाटलं पाकीट आहे. तिनं उघडून पाहिलं. मग वर पाहिलं. भाऊजींचे गाल आत गेले होते, वरचा ओठ बसला होता, एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. त्यांनी हात तोंडावर न्यायला उचलला, आणि तसाच खाली सोडला.

ताईनं पुरचुंडीची गाठ नीट बांधली आणि पर्समध्ये न ठेवता मुठीत धरली.

“एवढंच होतं होय?” ती म्हणाली. “जा, वाजवा. मी धरते.”

मंचावर चढून ते लोकांकडे वळले तेव्हा मागच्या रांगांमधून कुजबुज उठली. ‘अगं, दात कुठे गेले?’ ‘कवळी होती?’ ‘दातवाल्याची?’ भाऊजींनी ते ऐकलं. कान लाल झाले. त्यांनी ओठ आत वळवले आणि फुंकलं.

मला संगीतातलं काही कळत नाही. एवढंच सांगते की कुजबुज थांबली. मास्तरांनी मधेच हात खाली घेतला, झांजांची पिशवी पायानं मागे सरकवली, आणि बँडला सुरू करायची खूण केली. पुढे ती जागा आली, सगळी वाद्यं थांबली, आणि भाऊजींनी एकट्यानं वाजवलं. ताईची मूठ घट्ट होती. संपल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, “हे इतकी वर्षं हेच वाजवत होते?” मी म्हणाले, हो. ती म्हणाली, “मग मला ऐकू कसं नाही आलं?” टाळ्या वाजल्या तेव्हा भाऊजी बोळकं तोंड भरून हसले. हात तोंडावर नेला नाही.

सोमवारी मी धास्तीनंच दुकान उघडलं. म्हटलं, आता कुणी येत नाही. दाराबाहेर माणसं उभी होती. त्या आजी होत्या, एक टोपीवाले होते, एक नवरा-बायको होते, आणि दर वेळी महिनाभर सवय करायला पाठवलेली बरीच ओळखीची तोंडं. प्रत्येकाच्या खिशात नाहीतर पिशवीत डबी. टोपीवाले आधी संकोचले, मग म्हणाले, “काल यांना बघितलं म्हणून धीर झाला. माझी पहिल्यापासून हलते. मला वाटलं, माझंच तोंड चुकीचं आहे.”

मागे मशीन बंद झालं. मला वाटलं, आता ओरडणार. भाऊजी बाहेर आले, तोंडात दात नव्हते, त्यांची स्वतःची कवळी हातात होती, घासायला घेतलेली. त्यांनी एक स्टूल पुढे ओढलं.

“बसा,” ते म्हणाले. “हलत असेल. दाखवा बघू.”